धारेचा आवाज

१९७५ सालचा पावसाळा सरत आला होता. दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसलो होतो. पहाटे आबा म्हशीची धार काढायचे आणि मी शेजारच्या पडवीत घोंगडीत पडून ते ऐकायचो. चरवी मोकळी असते तवा धार ठण्ण वाजते, भरत आली की फेसात घुमल्यागत होते. दोन हात, दोन सड, एक झाला की दुसरा. आबांच्या धारेला ताल होता. तीन वर्षांमागं, ७२ च्या दुष्काळात, आबा खडी फोडायला जायचे तेव्हा त्यांच्या हातोड्यालाही तसाच ताल होता. बाकीची माणसं हातोडा कसाही हाणायची, आबांचा मात्र ठराविक पडायचा. सुकडी खाऊन दिवसभर तसाच.

तर त्या पावसाळ्यात एका पहाटे मला जाग आली ती धार अडखळली म्हणून. एक, दोन, मग गप्प. मग घाईनं तीन. मग एक लांब. मला वाटलं म्हैस पान्हा चोरतेय. दोन-चार दिवसांनी म्हशीनं लाथ मारून चरवी पालथी केली. गरीब म्हैस ती, बारकी पोरं तिच्या पोटाखालनं जायची. आई म्हणाली, "सड वडलं आसंल जोरात." आबा काहीच बोलले नाहीत. तेव्हा त्यांचं वय एकोणपन्नास होतं.

पुढचं गावानं बघितलं. वर्षा-दोन वर्षांत खांदा आपोआप उडायला लागला, बोटं वाजवल्यासारखी हलायला लागली, चालताना गुडघ्यात मधेच झोल जायचा. माळकरी माणूस, पण नवखी माणसं म्हणायची की म्हातारा पिऊन आलाय. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं अंगात येतंय. म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस झाले, एका देवऋष्यानं दोन कोंबडी खाल्ली. एका दवाखान्यात वेडाच्या गोळ्या दिल्या, त्यानं ते दिवसभर झोपायला लागले एवढंच. सगळ्यांत वाईट म्हणजे स्वभाव बदलला होता. कधी आवाज न चढवणारा माणूस भाकरी जरा करपली तर ताट फेकायचा. आई म्हणायची, हात हलायच्या आधी दोन-तीन वर्षं हे सुरू झालं होतं. तिचं म्हणणं आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. १९९० ला आबा गेले. शेवटी घास गिळता येत नव्हता.

आजाराला नाव मिळालं ते २००३ ला, दादामुळं. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याचं २००१ ला सुरू झालं, वय सत्तेचाळीस. ह्या खेपेला मला धारेवरून कळलं नाही, कारण तोवर आमच्यात वाटण्या होऊन त्याची जनावरं त्याच्या गोठ्यात होती. मला कळलं ते खुरपताना. वैनी म्हणाली, "भावजी, ह्यांची पात वाकडी चाललीय." मी बघितलं आणि पोटात गोळा आला.

पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दादाला जीभ बाहेर काढून दहा आकडे होईस्तोवर धरायला सांगितली. दादाची जीभ तीन आकड्यांवर आत गेली. मान न हलवता ह्या बोटाकडून त्या बोटाकडं बघा म्हणाले. डोळ्यांच्या आधी मान वळायची, नाहीतर पापणी मिटायची. अंगठ्यावर तर्जनी टपटप वाजवायला लावली. पावलाला पाऊल जोडून चालायला लावलं. आणि मग डॉक्टरांनी आपली दोन बोटं दादाच्या मुठीत दिली आणि म्हणाले, "घट्ट धरून ठेवा, सोडू नका."

दादा धरून होता. पण मला त्याच्या मनगटावर दिसत होतं, मूठ आवळत होती, ढिली होत होती, परत आवळत होती. दादाला ते कळतच नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, ह्याला आमच्या पुस्तकात गवळणीची पकड म्हणतात, धार काढल्यासारखा हात चालतो म्हणून.

मला एकदम पडवी आठवली. मी सांगितलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या वडिलांचं धार काढतानाच बिघडलं होतं." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या सगळ्या घराण्याची चौकशी केली. आबांचे वडील कसे गेले विचारलं. ते पस्तिशीच्या आत पटकीनं गेलेले. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच तुमच्यात हे मागं कुणाला ठाऊक नाही, आजार अंगात असंल पण दिसायच्या आधीच माणूस गेला.

ह्याला हंटिंग्टनचा आजार म्हणतात. जॉर्ज हंटिंग्टन नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरनं १८७२ साली तो नीट लिहून काढला, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. एवढ्या लहान वयात त्याला कसं जमलं ह्याचं मला आधी नवल वाटलं. तर त्याचा बाप डॉक्टर आणि आजाही डॉक्टर, तिघंही त्याच मुलखातले. आज्यानं ज्या माणसाला बघितलं त्याच्या पोराला बापानं बघितलं, आणि त्या दोघांच्या टिपणांवरून नातवानं ओळखलं की हे बापाकडून पोराला येतं आणि एक पिढी सुटली की पुढं जात नाही. आमच्या गावातही तीन पिढ्या बघणारे होते. लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

आई किंवा बाप, दोघांपैकी एकाला असला तर प्रत्येक पोराला निम्मी शक्यता. आमच्याकडं वाटणीला चिठ्ठ्या टाकतात तसं. पण वाटणीत एक चिठ्ठी दादानं उचलली की दुसरी आपोआप माझी. इथं तसं नाही, प्रत्येक पोरापुढं दोन चिठ्ठ्या नव्यानं पडतात. दोघांनाही येऊ शकतं, दोघंही सुटू शकतात. दादाला आलं. मी आज सहासष्टचा आहे, जीभ धरून तीस आकडे मोजतो, काही नाही. मी तपासणी कधी केली नाही. माझी पोरं सुटली असं डॉक्टर म्हणतात, जवळजवळ नक्की. दादाच्या घरी जाताना हे माझ्या मनात नसतं असा एक दिवस गेला नाही.

दादा २०१७ ला गेला. औषध होतं, टेट्राबेनाझिन, त्यानं हातापायांची हालचाल कमी व्हायची आणि त्याला जरा निजता यायचं. आजार पुढं सरकायचा थांबला नाही. थांबवणारं औषध अजून आपल्याला दवाखान्यात मिळत नाही.

मला खरं सांगायचंय ते दादाच्या पोराचं. माझा पुतण्या. तालुक्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी दारं, शेडचे सांगाडे असली कामं करतो. त्याच्या हाताची वेल्डिंगची रेघ बघावी, शिवणाच्या मशीननं टाका घातल्यासारखी. २०२३ ला त्याला एक स्थळ आलं, मुलगी डी.फार्मसी झालेली. वैनीचं म्हणणं, काही सांगू नका, लग्न झाल्यावर बघू. पोरानं ऐकलं नाही. मुलीला समोर बसवून त्यानं बापाचं, आज्याचं सगळं सांगितलं. ती रडली नाही, उठून गेली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला आहे का? आणि असेल तर कधी?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रक्तात मिळतं. ते १९९३ पासून मिळतं. त्याच्यामागं नॅन्सी वेक्सलर नावाच्या बाईचे मोठे कष्ट आहेत. वेनेझुएला देशात माराकाइबो म्हणून एक सरोवर आहे, त्याच्या काठच्या गावांत हा आजार घरोघर. ही बाई १९७९ पासून वर्षानुवर्षं तिथं जाऊन वंशावळी लिहीत होती, रक्ताचे नमुने गोळा करीत होती. १९८३ ला कळलं की दोष चौथ्या गुणसूत्रावर आहे, आणि आणखी दहा वर्षांनी नेमकं जनुक सापडलं. तिची स्वतःची आई ह्याच आजारानं गेलेली, म्हणजे तिच्यापुढंही दोन चिठ्ठ्या पडलेल्या होत्या. आपल्याला तो आजार आहे हे तिनं २०२० ला जगाला सांगितलं. पोरानं हे मला मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो, आणि बराच वेळ दोघंही बोललो नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी लगेच रक्त घेतलं नाही. आधी बोलावून समजावलं, परत जाऊन विचार करून या म्हणाले. जगात ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यातले बहुतेक जण तपासणी करूनच घेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं, आणि न करण्यात काही भित्रेपणा नाही हेही सांगितलं. अठराच्या आतल्या पोराची तर करतच नाहीत, कारण ते त्यानं मोठं झाल्यावर ठरवायचं. आणि रिपोर्ट फोनवर सांगायचा नाही, समोर बसूनच. हे मला आवडलं. नाहीतर आपल्याकडं दाराआडनं कंपाउंडर सांगतो.

त्या जनुकात तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. सीएजी, सीएजी, सीएजी, जपमाळेच्या मण्यांसारखी. तुमच्या-माझ्यात ती वीसएक वेळा असतात. सव्वीसपर्यंत सगळं ठीक. छत्तीस ते एकोणचाळीस असली तर आजार होईल किंवा होणारही नाही. चाळीस आणि वर असली तर माणूस पुरेसा जगला की होणारच. दादाची बेचाळीस होती. बापाकडून पोराकडं जाताना ह्या माळेत मणी वाढायचा संभव असतो, आईकडून येताना तेवढा नाही. पोराची चव्वेचाळीस निघाली.

डॉक्टरांनी आकडा सांगितला. पोरगा सरळ बसला होता. त्यानं तोच प्रश्न विचारला, "कधी?"

मणी जितके जास्त तितकं लवकर, एवढं पक्कं आहे. हजारो माणसांच्या नोंदींवरून कोष्टकं केलेली आहेत. डॉक्टर म्हणाले, चव्वेचाळीस मणी असलेल्या खूप माणसांचा हिशेब केला तर सरासरी पंचेचाळिशीच्या आसपास येते. मी मनात एकतीस वजा केले. पण मग ते म्हणाले, ही सरासरी आहे, ह्याच आकड्याची माणसं छत्तिशीत सुरू झालेली आहेत आणि पन्नास ओलांडूनही नीट राहिलेली आहेत. का, तर मण्यांवरून सुरुवातीच्या वयातला निम्म्याहून थोडा जास्त फरक कळतो. बाकीचा कशावर, ते शोधणं चालू आहे. पेशीत अक्षरांची दुरुस्ती करणारी दुसरी काही जनुकं असतात, ती काही माणसांत हे पुढं ढकलतात, काहींत अलीकडं आणतात. आणि जसजशी वर्षं नीट जातील तसतसा अंदाजही पुढं सरकतो, कारण जे आधीच सुरू झाले त्यांच्यातला हा राहिला नाही.

आमच्या माणदेशात सरासरी पाऊस पुस्तकातच पडतो. त्यामुळं मला सरासरीचा अर्थ कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्या दिवशी मीसुद्धा पंचेचाळीस हाच आकडा घट्ट धरून घरी आलो.

एक गोष्ट मात्र मला तिथंच नवीन कळली, आणि तिनं माझी झोप गेली. सुरुवात झाली असं कधी म्हणायचं? डॉक्टर तपासतात आणि त्यांची जवळजवळ पूर्ण खात्री पटते की ही हालचाल ह्याच आजाराची, त्या दिवसाला ते सुरुवात म्हणतात. मेंदूच्या आत मात्र त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीपासून झीज चालू असते. फोटोत दिसते ती. रक्तातलं एक प्रथिनही आधीच वाढायला लागतं. टपटप वाजणाऱ्या बोटातला वेळ मशीननं मोजला तर डोळ्याला दिसायच्या आधी त्यात फरक सापडतो. चिडचिड, उदासी, कामात मन न लागणं हेही कित्येकांत आधी येतं. म्हणजे आई आबांच्या रागाबद्दल बोलत होती ते खरं होतं. आणि त्या पहाटे मी ऐकलं ती सुरुवात नव्हतीच. चालत आलेलं त्या दिवशी ऐकू आलं, एवढंच.

तेव्हापासून मी पोराच्या हाताकडं बघायला लागलो.

कळत नव्हतं मला. तो चहा ओतायचा, मी कपाकडं बघायचो. तो गाडीला किक मारायचा, मी पायाकडं. तालुक्याला काम नसताना जायचो, दुकानात बाकड्यावर बसून त्याची वेल्डिंगची रेघ बघत राहायचो, काळी काच न लावता. डोळे चुरचुरायचे रात्री. एकदा गिऱ्हाइकावर ओरडला तर मला आबांचं फेकलेलं ताट आठवलं. खरं तर त्या गिऱ्हाइकानं चार महिने पैसे थकवलेले, कुणीही ओरडलं असतं.

मग लग्न झालं. हो, केलं तिनं. तिच्या घरच्यांचे दोन मामा लग्नाला आले नाहीत. ती म्हणाली, पंधरा वर्षं नीट संसार कुणाला लेखी मिळतो. पोराबाळांचं काय करायचं ते त्या दोघांचं चाललंय डॉक्टरांशी बोलणं, गर्भाची तपासणी असते, दुसरेही मार्ग असतात, त्यात मी पडत नाही.

गेल्या माघात आम्ही सगळे त्यांच्याकडं जेवायला होतो. पोराच्या हातनं ताकाचा गडू निसटला. फरशीवर सगळं ताक. कुणी काही बोललं नाही. आमची घरची माणसं, वैनी, मी, सगळे त्याच्या हाताकडं बघत बसलेले. सूनबाई तेवढी फडकं आणायला उठली. पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "तात्या, माझ्या हातनं गडू पडला तर तो नुसताच पडला आसं कवाच म्हणायचं न्हाई का?"

मला जेवण गेलं नाही. उठून अंगणात आलो. थोड्या वेळानं तोही आला. म्हणाला, "तुमी रोज बघताय. आई रोज बघतीय. मी सोताबी बघतुया, आरशात जीभ काढून. पंचेचाळीसला व्हायचं ते व्हईल, पर तवर चौदा वर्षं हे आसंच?"

मी म्हणालो, "मग काय करू सांग."

त्यानं विचार करून ठेवला होता. म्हणाला, डॉक्टर वर्षातनं एकदा बोलावतात, तेव्हा तपासतील ते तपासतील. घरात वर्षातनं एकच दिवस बघायचं. बेंदराच्या दिवशी. बाकीचे दिवस कुणी माझ्या हाताकडं बघायचं नाही, आणि मीही नाही. "आणि तुमीच बघायचं. तुमाला आबांचं ऐकू आलं हुतं."

मी कबूल झालो. कबूल होणं सोपं होतं, मान वळवणं अवघड गेलं. कित्येकदा डोळे तिकडं जायचे आणि मी ते जबरदस्तीनं दाराबाहेर काढायचो. माझ्या थोरल्या पोराला वाटलं माझं पुतण्याशी काहीतरी बिनसलंय.

ह्या वर्षी आषाढात बेंदराला सकाळी लवकर आला. बैल अजून धुवायचे होते. गोठ्यात खाटेवर बसलो. मी माझी दोन बोटं पुढं केली, त्यानं मुठीत धरली. मी डोळे मिटले. मला बघायचं नव्हतंच, धरून समजून घ्यायचं होतं. साठ आकडे मोजायचे असं मी ठरवलं होतं. वीसपर्यंत काही नाही. तिसाच्या पुढं मला थोडी थरथर लागली, बारीक, आणि माझ्या कपाळाला घाम आला. मग कळलं की बोटं माझी थरथरतायत. सहासष्टचा म्हातारा मी, सकाळपासून पोटात चहा नाही, आणि भ्यालेलो. त्याची मूठ एकसारखी होती. साठ झाले तरी मी मोजतच राहिलो, मग त्यानंच सोडली.

"काय?" म्हणाला.

"न्हाई काय."

"नक्की?"

"नक्की. थरथर माझी हाय."

तो हसला. मग म्हणाला की पुढल्या वर्षी किंवा त्याच्या पुढल्या वर्षी, कधीही काही लागलं तर त्याला सांगायच्या आधी सूनबाईला सांगू नका, आईला तर नाहीच. त्यालाच आधी. मी हो म्हणालो. सांगता येईल का मला, हे मला अजून माहीत नाही.

बाहेर सूनबाईनं हिंगुळाची आणि निळीची वाटी कालवून ठेवली होती, शिंगं रंगवायला. आम्ही बैल सोडले आणि ओढ्यावर घेऊन गेलो.